आधी मशीनची उंची, मग पंखा

धरणे भरत आली, की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख विहिरीवरच्या मोटारींकडून होड्यांच्या मशीनकडे वळतो. यंदाही हतनूरच्या फुगवट्यापासून नर्मदेच्या काठापर्यंतची पत्रे आली आहेत, आणि बहुतेकांची तक्रार एकच आहे: आऊटबोर्ड मशीन, म्हणजे होडीच्या मागच्या फळीवर टांगलेले आणि पाण्यातल्या पंख्याने (प्रोपेलरने) होडी ढकलणारे इंजिन, जोर करते, पण होडी चालत नाही. त्यांतली चार पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण पुढच्या उत्तरांचा पाया त्यातच आहे.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आमच्या मच्छीमार संस्थेकडे १६ फुटी फायबरची होडी आणि १५ हॉर्सपॉवरचे फोर-स्ट्रोक आऊटबोर्ड मशीन आहे. हतनूर धरणाच्या फुगवट्यात चांगदेवच्या बाजूला जाळ्यांवर देखरेख ठेवण्यासाठी ती वापरतो. मागच्या वर्षी होडीची मागची फळी कुजली, म्हणून सुताराकडून नवी बसवून घेतली. तेव्हापासून वळण घेताना किंवा थोड्या लाटा असल्या, की मशीन एकदम किंचाळते आणि होडी मंदावते. सहा माणसे बसली, तर सरळ जातानाही वेग येत नाही. एका मेकॅनिकने मोठ्या पिचचा पंखा बसवा, म्हणजे मशीन ओरडणार नाही, असे सांगितले. दुसऱ्याने २५ हॉर्सपॉवरचे मशीन घ्या म्हटले. संस्थेच्या सभेपुढे खर्च मांडायचा आहे. आम्ही काय करावे?
एक सभासद, मुक्ताईनगर तालुका

उत्तर : आपल्या पत्रातला ‘तेव्हापासून’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. फळी बदलण्यापूर्वी हीच होडी, हेच मशीन आणि हाच पंखा नीट चालत होता, तर दोष पिचमध्ये, म्हणजे पंखा एका फेऱ्यात जेवढा पुढे सरकतो त्या मापात, किंवा हॉर्सपॉवरमध्ये शोधण्याआधी त्या फळीकडे पाहिले पाहिजे. नवी फळी मजबूत व्हावी म्हणून सुताराने ती वरच्या अंगाला दोन-अडीच इंच जास्त ठेवली असावी, असा माझा अंदाज आहे. सुतारकामाच्या दृष्टीने त्यात चूक काहीच नाही. परंतु मशीन त्या फळीच्या काठावर टांगलेले असते, त्यामुळे काठ जेवढा वर गेला, तेवढाच पंखाही पाण्यातून वर आला.

आऊटबोर्ड मशीनचा पाय, म्हणजे इंजिनापासून खाली पंख्यापर्यंत उतरणारा भाग, ठरावीक लांबीचा मिळतो. आखूड पाय १५ इंची, म्हणजे ३८१ मिलिमीटर उंचीच्या फळीसाठी असतो, लांब पाय २० इंची, म्हणजे ५०८ मिलिमीटर फळीसाठी असतो, आणि त्याहून लांब पाय २५ इंची फळीसाठी असतो. फळीची ही उंची मशीनचा कंस जेथे टेकतो त्या वरच्या काठापासून होडीच्या तळाच्या सर्वांत खालच्या रेषेपर्यंत, फळीच्या उताराला धरून मोजायची असते. पायाची प्रत्यक्ष लांबी मात्र कंपनीकंपनीनुसार अर्धा-पाऊण इंच इकडेतिकडे होते, म्हणून फळी मोजून थांबू नये. मशीन चढवून, खाली उतरून, डोळ्यांनी पाहावे.

ते असे पाहावे. होडी किनाऱ्यावर घेऊन दोन ओंडक्यांवर न डुगडुगेल अशी ठेवा. पंख्याच्या वर जी आडवी, सपाट पट्टी असते, तिला आपले मेकॅनिक कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात. मशीन खाली सोडल्यावर ही प्लेट तळाला समांतर येईल अशा खाचेत मशीनचा कोन ठरवणारी पिन घाला. गवंडी प्लास्टर ओढायला वापरतात तशी ॲल्युमिनियमची सरळ पट्टी तळाच्या मधल्या रेषेला खालून लावून धरा आणि तिचे टोक मागे मशीनच्या पायाला टेकेपर्यंत काढा. आता प्लेट पट्टीच्या वर आहे की खाली, आणि किती, हे टेपने मोजा. आपल्यासारख्या होडीला प्लेट तळाच्या रेषेत किंवा तिच्याखाली एक इंचापर्यंत असावी, ही सुरुवातीची जागा. आपल्याकडे ती तळाच्या दोन इंच वर निघाली, तर दुखणे सापडले असे समजा.

ते दुखणे समजून घ्यावे, म्हणजे सभेतही पटवून देता येईल. पंखा पाणी मागे ढकलतो तेव्हा पात्यांच्या पुढच्या अंगाला दाब कमी होतो आणि तेथे जे काही जवळ असेल ते ओढले जाते. पंखा पुरेसा खोल असेल, तर पाणीच ओढले जाते. तो वर आला, तर पृष्ठभागावरची हवा पायाच्या कडेने खाली उतरून पात्यांत शिरते. प्लेटचे काम ही हवा अडवण्याचे आहे, पण प्लेटच पाण्याबाहेर डोकावू लागली तर ती अडवणार कशी? वळणावर होडी कलते, लाटेवर मागची बाजू उचलली जाते, आणि नेमक्या त्या क्षणी पंख्याला हवा मिळते. हवेत फिरणाऱ्या पंख्यावर ओझे राहत नाही, त्यामुळे मशीनचे फेरे एकदम हजार-दीड हजारांनी वाढतात, तीच आपण म्हणता ती किंकाळी. होडी मात्र मंदावते, कारण हवा मागे ढकलून होडी पुढे जात नाही. मेकॅनिक मंडळी यालाच ‘कॅव्हिटेशन झाले’ म्हणतात. खरे कॅव्हिटेशन वेगळे असते: त्यात बाहेरची हवा येत नाही, तर दाब फार उतरल्यामुळे पाण्याचीच वाफ होऊन बुडबुडे उठतात, आणि ते फुटताना पात्याचा पृष्ठभाग खरवडून काढतात. आपल्या पंख्याच्या पात्यांवर तसे खरवडल्याचे डाग नसतील, तर तो विषय आपला नाही.

मोठ्या पिचचा सल्ला देणाऱ्या मेकॅनिकची चूक येथे झाली. पिच लहान पडला, तर मशीनचे फेरे सरळ जातानाही सतत जास्त राहतात. फेरे अचानक उसळतात आणि त्याच वेळी वेग पडतो, तेव्हा पंखा एकतर हवा घेत असतो किंवा पंख्याच्या मधले रबर घसरत असते. हे रबर पंख्याच्या बाहेरच्या भागाला आतल्या दातेरी नळीशी जोडून ठेवते. दगड लागला तर धक्का ते सोसते, पण एकदा सुटले की जोर लावताच आतली नळी फिरते आणि पंखा मागे राहतो. तपासणी सोपी आहे. पंख्याच्या मागच्या तोंडावर आतल्या नळीपासून बाहेरच्या भागापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढा, होडी जोरात चालवून आणा आणि रेघ पाहा. ती मध्येच तुटून सरकलेली दिसली, तर रबर गेले.

फळी उंच निघाली, तर सुताराने वाढवलेला भाग मशीनच्या कंसाच्या रुंदीपुरताच कापा, म्हणजे मागून येणारे पाणी अडवायला बाकीची फळी उंच राहील. कापलेल्या कडेला त्याच दिवशी रेझिन आणि फायबरचा थर द्या. आधीची फळी बहुधा अशाच उघड्या कडेतून पाणी शिरून कुजली असेल. कापताना लागते त्याहून अर्धा इंच जास्त खाली कापा आणि कंसाखाली अर्धा-अर्धा इंच जाडीच्या सागवानी किंवा मरीन प्लायच्या पट्ट्या घालून उंची पुन्हा वाढवत जा. नेहमीच्या ओझ्यासह पूर्ण जोरात होडी चालवा, दोन्ही बाजूंना ठीक वळणे घ्या, मग एक पट्टी वाढवा आणि पुन्हा चालवा. वळणावर पंखा हवा घ्यायला लागला, की अर्धा इंच खाली या. तीच आपल्या होडीची उंची. प्रत्येक चाचणीत मशीनच्या मागून पडणारी, इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची धार पाहत राहा. पाणी ओढण्याच्या जाळ्या पायातच असतात, त्या पाण्याबाहेर आल्या तर धार तुटते आणि इंजिन काही मिनिटांत तापते. जागा ठरली की क्लॅम्पच्या स्क्रूवर भरवसा न ठेवता कंसातून बोल्ट काढून घ्या आणि मशीनला साखळी बांधा.

एवढा आग्रह मी धरतो, कारण उलट बाजूची चूक मी स्वतः केली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी १५ इंची फळीच्या होडीवर मी लांब पायाचे मशीन बसवले. विक्रेत्याकडे तेच शिल्लक होते आणि पाय खोल असलेला बरा, अशी माझी समजूत होती. पंख्याने हवा कधीच घेतली नाही हे खरे. परंतु पाच इंच जास्त पाय पाण्यातून ओढला जात होता, त्याच्या दोन्ही अंगांनी पाण्याचे फवारे होडीत येत होते, आणि हिवाळा संपता संपता पाणी उतरल्यावर जेथे इतरांच्या होड्या सहज जात, तेथे माझा पंखा गाळात रुतत होता. त्या वर्षी थंड पाण्याच्या मार्गात गाळ बसून पाण्याचा पंप बदलावा लागला. हतनूरला गाळ किती आहे, हे आपणांस मी सांगायला नको. उंची जास्त झाली तर वळणावर लगेच कळते; कमी झाली तर मशीन मुकाट्याने पेट्रोल जास्त खाते आणि कळतही नाही.

उंची ठरल्यावरच पंख्याकडे वळावे. हवा घेणाऱ्या पंख्यावर मोजलेले फेरे खोटे असतात, आणि खोट्या आकड्यावरून निवडलेला पंखाही चुकीचाच निघतो. पंख्याच्या मधल्या भागावर किंवा पात्यावर ९¼ × १० असे काहीतरी कोरलेले आढळेल. पहिला आकडा पंख्याच्या घेराचा व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. नट एका फेऱ्यात बोल्टवर जेवढा सरकतो, तसा पंखा एका फेऱ्यात न घसरता जेवढा पुढे गेला असता, ते अंतर म्हणजे पिच. पाणी लोखंडासारखे घट्ट नसल्यामुळे पंखा थोडा घसरतोच. पाण्यावर उचलून धावणाऱ्या हलक्या होडीत ही घसर दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत असते, आणि ओझे वाढले की ती वाढते.

पंखा बरोबर आहे की नाही, याची कसोटी एकच: नेहमीचे ओझे घेऊन, थ्रॉटल पूर्ण उघडून, सरळ पाण्यात मशीन मिनिटाला किती फेरे घेते. या वर्गातल्या बहुतेक फोर-स्ट्रोक मशीनना पूर्ण जोरात साधारण ५००० ते ६००० फेरे घ्यावेत असे पुस्तिकेत दिलेले असते. आपल्या पुस्तिकेतला आकडा पाहून तोच धरावा. मशीनवर मीटर नसले, तर स्पार्क प्लगच्या वायरीवर गुंडाळायचा छोटा टॅकोमीटर स्वस्तात मिळतो. मोबाईलवर जीपीएसचा वेग दिसतोच. हे दोन आकडे वहीत लिहा, एकदा दोन माणसे घेऊन आणि एकदा सहा.

उदाहरण घेऊ. समजा, १० पिचचा पंखा आहे, दोन माणसांना ५६०० फेरे मिळतात आणि सहा माणसांना ५०००. गिअरचे प्रमाण २.०८ असेल, म्हणजे इंजिनच्या २.०८ फेऱ्यांना पंख्याचा एक फेरा होत असेल, तर त्याने ५००० ला भागून पंख्याचे सुमारे २४०० फेरे येतात. त्याला १० ने आणि मिनिटाच्या इंचांचे तासाचे किलोमीटर करणाऱ्या ०.००१५२४ ने गुणले, की न घसरता तासाला ३६.६ किलोमीटर वेग मिळायला हवा. मोबाईल २४ दाखवत असेल, तर घसर ३४ टक्के झाली. होडी पाण्यावर उचललीच जात नाही, नाक वर करून पाणी नांगरत जाते, असा याचा अर्थ. पिच एक इंचाने कमी केला, की फेरे साधारण दीडशे ते दोनशेंनी वाढतात. ८ पिच घेतला, तर सहा माणसांना ५३०० ते ५४०० आणि दोन माणसांना ५९०० ते ६०००, म्हणजे दोन्ही आकडे मर्यादेच्या आत. २५ टक्के घसर धरली तरी वेग २४ च्या आसपास राहतो, आणि ओझ्यासह होडी उचलली गेली, घसर वीस टक्क्यांवर आली, तर तो २५ होतो. त्यापेक्षाही मोठा लाभ म्हणजे मशीनचा दम सुटत नाही. मेकॅनिकने सांगितल्याप्रमाणे १२ पिच लावला असता, तर सहा माणसांना फेरे पाच हजारांच्याही खाली गेले असते. पंखा आपल्या भागात सहजी मिळत नाही, बाहेरून मागवावा लागतो, म्हणून मागवण्याआधी शेजारच्या संस्थेकडून वेगळ्या पिचचा पंखा एका दिवसापुरता मागून पाहा. आतल्या नळीच्या दातांची संख्या जुळली पाहिजे, एवढे बघा.

सभेपुढे खर्च याच क्रमाने मांडा: प्रथम फळीची दुरुस्ती, मग टॅकोमीटर, मग गरज पडली तर पंखा. २५ हॉर्सपॉवरचे मशीन या यादीत येत नाही. होडीच्या पाटीवर किती हॉर्सपॉवरची परवानगी आहे, हे पाहिल्याशिवाय नव्या फळीवर ते जड मशीन टांगण्याचा विचारही करू नये.

प्रश्न : आमची नाव लाकडी, २४ फुटी आणि रुंद आहे. नर्मदेच्या बुडितातून धान्याची पोती, दुकानाचे सामान आणि माणसे ने-आण करतो. ९.९ हॉर्सपॉवरचे मशीन आहे, सोबत आलेला १० पिचचा पंखा आहे. भरल्या नावेला पूर्ण थ्रॉटल देऊनही फेरे ४००० च्या पुढे जात नाहीत. प्लग वरचेवर काळे पडतात. वेग वाढवण्यासाठी कोणता पंखा घ्यावा?
एक नावाडी, धडगाव तालुका

उत्तर : दादा, आपली नाव पाण्यावर उचलून धावणारी नाही, ती पाणी बाजूला सारत जाणारी आहे. अशा नावेच्या वेगाला तिची लांबीच मर्यादा घालते. पाण्याला टेकलेली लांबी मीटरमध्ये घेऊन तिचे वर्गमूळ काढावे आणि साडेचारने गुणावे, म्हणजे ताशी किलोमीटरमध्ये अंदाज येतो. आपल्या नावेची ती लांबी साडेसहा मीटर धरली, तर उत्तर साडेअकरा येते. त्यापुढे कितीही जोर लावला तरी नाव स्वतःच्याच लाटेवर चढू पाहते आणि पेट्रोल जाते, अंतर जात नाही. म्हणून आपण वेगाचा पंखा शोधू नका, ओढीचा शोधा.

सध्याचा पंखा म्हणजे भरलेला ट्रक चाळीसगावहून कन्नडचा घाट चौथ्या गिअरमध्ये चढवण्यासारखे आहे. पाय पूर्ण दाबलेला, इंजिन घुसमटते, गाडी रेंगाळते. मशीन पूर्ण थ्रॉटलला ४००० वर अडकले, तर इंधन नीट जळत नाही, प्लग काळे पडतात, आत कार्बन धरतो आणि पिस्टन तापतात. आपल्या प्लगचा रंग याचीच साक्ष देत आहे. आपल्या मशीनला बसेल असा सहा-सात पिचचा, आणि प्लेटखाली मावेल तेवढ्या मोठ्या व्यासाचा, रुंद पात्यांचा पंखा घ्या. मोठा व्यास म्हणजे एका वेळी जास्त पाणी धरणे, लहान पिच म्हणजे ते सावकाश ढकलणे; ओझ्याच्या नावेला दोन्ही लागते. भरल्या नावेवर फेरे पाच हजारांच्या वर यावेत. यात पंख्याची घसर पन्नास-साठ टक्के निघाली तरी घाबरू नका, अशा नावेत ती तेवढी असतेच. रिकाम्या नावेने परतताना थ्रॉटल थोडा मागे ठेवा, म्हणजे फेरे मर्यादेबाहेर जाणार नाहीत.

लाकडी नावेला आणखी एक अडचण असते. तळाच्या मधला कणा मागच्या फळीपर्यंत जाडच्या जाड येऊन तोडल्यासारखा संपला, तर त्याच्यामागे पाणी घुसळते, त्यात हवा मिसळते आणि ते फेसाळ पाणी थेट पंख्यावर येते. मशीन योग्य उंचीवर असूनही पंखा हवा घेतो. कण्याचा शेवटचा फूट-दीड फूट भाग मागे निमुळता तासून घ्या, आणि सुरुवातीला प्लेट तळाखाली इंचभर ठेवा. बुडितात उभी राहिलेली झाडांची खोडे पाण्याच्या पातळीनुसार कधी दिसतात, कधी दिसत नाहीत, म्हणून पुढे जाताना मशीन वर उचलू न देणारी खिटी मोकळी ठेवा. खोड लागले तर पाय मागे उचलला जाईल आणि फळी फुटणार नाही. ती खिटी फक्त मागे चालवताना लावायची असते.

ओझ्याविषयी एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण २०१९ च्या संक्रांतीला आपल्याच तालुक्यात नर्मदेत नाव उलटून माणसे गेली, ती आपण विसरलेला नसाल. चांगल्या पंख्याने नाव जास्त ओढू लागली, की जास्त भरण्याचा मोह होतो. पंखा नावेचा काठ पाण्यापासून एक बोटही वर उचलत नाही. किती भरायचे, हे काठावर आखलेल्या रेघेवरून ठरवा, मशीनच्या जोरावरून नव्हे, आणि प्रत्येक माणसाला लाईफ जॅकेट घालायला लावा.

प्रश्न : आम्ही काही मित्र पांझरेला आणि तापीला पूर आला, की हवेच्या रबरी बोटीने मदतीला जातो. मशीन आखूड पायाचे आहे. पंखा ॲल्युमिनियमचा ठेवावा की स्टेनलेस स्टीलचा? आणि पंख्याभोवती जाळी बसवावी का?
एक स्वयंसेवक, धुळे

उत्तर : ॲल्युमिनियमचा ठेवा, आणि दुसरा तसाच सोबत ठेवा. स्टीलचे पाते पातळ आणि ताठ असते, म्हणून जोरात त्याची पकड चांगली. पण पुराच्या पाण्यात काय वाहत येईल सांगता येत नाही. ॲल्युमिनियमचे पाते लाकडावर आदळून वाकते किंवा तुटते आणि धक्का तेथेच संपतो. स्टीलचे पाते वाकत नाही, ते धक्का आत गिअरपर्यंत पोचवते. पंखा पाण्यातच बदलता येतो, गिअर नाही. सुटा पंखा, नट, वॉशर, पिन आणि पाना एका पिशवीत घालून ती पिशवी बोटीला बांधून ठेवा. तीनऐवजी चार पात्यांचा पंखा घेतलात, तर सर्वांत वरचा वेग थोडा जाईल, पण ओझ्यासह बोट लवकर उचलली जाईल आणि वळणावर पकड टिकेल; आपल्या कामाला ते उपयोगी आहे. चार पात्यांना पिच एक इंच कमी धरावा.

जाळीने ओढ कमी होते आणि तिच्यात चिंध्या, गवत अडकते. तरीही बुडणाऱ्या माणसाच्या जवळ जाणाऱ्या बोटीला मी जाळी बसवा असेच म्हणेन. मात्र जाळी असली तरी माणूस हाताच्या टप्प्यात येण्यापूर्वी इंजिन पूर्ण बंद करायचे, केवळ न्यूट्रल करून थांबायचे नाही, हा नियम मोडू नका, आणि इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला कायम बांधलेली असू द्या.

रबरी बोटीत उंचीचा प्रश्न हवेशी जोडलेला असतो. दुपारी उन्हात नळ्या कडक भरल्या आणि बोट थंड पाण्यात सोडली, की आतली हवा आकसते, तळ सैल पडतो, मागची फळी मशीनच्या वजनाने मागे कलते, आणि अंगणात मोजलेली उंची व कोन दोन्ही बदलतात. बोट पाण्यात सोडून दहा मिनिटांनी हवा पुन्हा तपासा, कमी वाटली तर पंपाने भरा, आणि त्यानंतरच जोर लावा. प्लेट तळाखाली इंचभर ठेवली, तर सैल तळाच्या फुगवट्यामागून येणाऱ्या हवेपासूनही बचाव होतो.

प्रश्न : वाघूर धरणात आमची छोटी होडी आहे. डिसेंबरमध्ये मशीन सुरेख चालते, एप्रिल-मेमध्ये त्याच ओझ्याला फेरे तीन-चारशेंनी कमी येतात. सर्व्हिसिंग करून घेतले, फरक पडला नाही. शिवाय पंख्याजवळून तेलाचा तवंग येतो. दोन्हींचा संबंध आहे का?
एक वाचक, जळगाव

उत्तर : संबंध नाही, पण दोन्हींकडे लक्ष द्या. फेरे कमी होण्याचे कारण आपल्याकडचा उन्हाळा आहे. इंजिनला इंधनाबरोबर हवाही लागते, आणि हवा तापली की विरळ होते. १५ अंशांच्या तुलनेत ४५ अंशांची हवा जवळजवळ दहा टक्क्यांनी विरळ असते, म्हणजे इंजिनची ताकदही साधारण त्याच प्रमाणात उतरते. तोरणमाळसारख्या हजार मीटरहून उंच ठिकाणी भर थंडीतही एवढीच घट येईल. मशीनमध्ये दोष नाही.

तेलाच्या तवंगाचे काम मात्र आजच करा. पंखा काढा आणि त्याच्यामागे, शाफ्टभोवती काय गुंडाळले आहे ते पाहा. तेथे नायलॉनच्या जाळ्याचा किंवा गळाच्या तंगुसाचा करकचून बसलेला वेटोळा सापडेल, असे मला जवळजवळ खात्रीने वाटते. हा तंगुस सीलच्या ओठात शिरतो, सील कापतो, गिअरचे तेल बाहेर येते आणि पाणी आत जाते. गिअरच्या डब्याचा खालचा स्क्रू उघडून थेंबभर तेल बोटावर घ्या. ते ताकासारखे पांढरे दिसले, तर सील बदलून, तेल पूर्ण नवे भरल्याशिवाय मशीन चालवू नका. जलपर्णीतून होडी नेणाऱ्यांनी तर महिन्यातून एकदा पंखा काढून शाफ्ट पाहावा आणि दात्यांना ग्रीस लावूनच तो परत चढवावा.

उन्हाळ्यासाठी वेगळा पंखा घ्यायचा की नाही, हे एका चाचणीत ठरेल. मे महिन्यात दुपारी नेहमीचे ओझे घेऊन पूर्ण थ्रॉटलला फेरे पाहा. ते पुस्तिकेतल्या खालच्या आकड्याच्या वर असतील, तर काही बदलू नका. खाली गेले, तर एक इंच कमी पिचचा पंखा घ्या, आणि डिसेंबरच्या थंड सकाळी एकट्याने होडी चालवून, फेरे वरच्या आकड्याबाहेर जात नाहीत ना, हेही एकदा पाहून ठेवा.